नाव, वय, राहणार

नऊ दिवसांपूर्वी, मंगळवारी तिसऱ्या तासाला, नववी ब च्या वर्गात एका मुलाने कागद मोठ्याने वाचता वाचता तळाची ओळही वाचून टाकली, आणि त्या ओळीत माझ्या मावशीचे नाव होते. त्या क्षणापासून माझे काही खरे नाही. म्हणून हे मृत्युपत्र.

मी, खाली सही करणार, वय वर्षे तेवीस, धंदा दस्त टाइप करणे, शिक्षण अर्धवट, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. ते नेहमीच ठिकाणावर असते असे घरचे म्हणणार नाहीत, पण आज सकाळपुरते आहे. मी कसलीही नशा केलेली नाही, कोणी माझ्या मानगुटीवर बसलेले नाही, आणि जे लिहितो आहे ते समजून लिहितो आहे. छातीत धडधडते आहे. पण धडधड वेडात मोजत नाहीत, असे वकीलसाहेबांनी एका अशिलाला सांगताना मी ऐकले आहे.

कलम १. या दस्तात कोणाचेही नाव टाइप केलेले नाही. माझे नाव सहीत दिसेल तेवढेच. वकीलसाहेब म्हणतील, नावाशिवाय दस्त म्हणजे मुठीशिवाय छत्री. म्हणू देत. नावे टाइप करून मी काय केले ते पुढे येतेच आहे. आता माझी बोटे कोणाच्या नावाला परवानगीशिवाय लागणार नाहीत.

कलम २. मृत्यू या शब्दाचा अर्थ. मावशीचे यजमान, ज्यांना मी काका म्हणतो, त्यांची लाकडाची वखार आहे आणि तिथे पुरुषभर उंचीची करवत आहे. ते म्हणाले आहेत, "ज्यानं हे नाव छापलं ना, त्याला करवतीखाली घालीन." लोक असे बोलतात हे मला कळते. पण माझी मावसबहीण लहान असताना मी नि ती झोपाळ्यावरून भांडत होतो तेव्हाही ते म्हणाले होते, "आता आवाज आला तर फळी करवतीखाली घालीन." आवाज आला. संध्याकाळी फळीचे दोन तुकडे अंगणात पडले होते. स्वयंपाकघरात डबे ठेवायला ज्या दोन फळ्या आहेत, त्या त्याच.

म्हणून असे ठरवतो की मी देहाने मेलो तर, किंवा त्या घराला मेल्यासारखा झालो तर, दोन्ही बाबतीत हा दस्त लागू समजावा. दुसरे होण्याची शक्यता जास्त आहे. भीतीही मला दुसऱ्याचीच जास्त आहे. आई गेल्यावर पंधराव्या वर्षी मी त्या घरात आलो. मला दुसरे घर नाही.

आज अकरा वाजता शाळेत समितीची बैठक आहे. काका समितीवर आहेत. इतिहासाच्या बाईंना कामावरून काढायचे की नाही, आणि त्यांचा मंगळवारचा तास बंद करायचा की नाही, हे तिथे ठरेल. नाव बाईंनी छापले नाही, मी छापले, हे मी तिथे जाऊन सांगणार आहे. नऊ दिवस सांगितलेले नाही. आत्ता सकाळचे आठ झाले आहेत.

कलम ३. हे घडले कसे.

मी वकीलसाहेबांच्या कचेरीत जिन्याखालच्या खोलीत बसतो. खरेदीखते, भाडेकरार, वाटणीपत्रे, मृत्युपत्रे टाइप करतो. इथला कागद मशीनमधून सुटतो तो तळाशी लिहून देणाऱ्याचे नाव, वय, धंदा आणि राहणार अमुक ठिकाणी, एवढे घेऊनच सुटतो. त्याशिवाय मी कागद ओढला तर माझी बोटे अस्वस्थ होतात, जसे कोणी जेवून हात न धुता उठले की आईला व्हायचे.

दीड वर्षापूर्वी बाई इथे एक अर्ज टाइप करून घ्यायला आल्या. आठवड्यातला एक रिकामा तास स्त्रियांचा इतिहास आणि स्त्रियांचे लेखन शिकवण्यासाठी मिळावा, असा तो अर्ज होता. त्या म्हणाल्या, "झाल्यावर एकदा वाचून दाखवाल?" मी वाचून दाखवला. माझ्या तोंडून त्यांची वाक्ये बाहेर पडताना माझे जे व्हायचे ते झाले. याबद्दल अधिक कलम ७ मध्ये.

तास मिळाला. मी काहीतरी निमित्त काढून कागद पोचवायला जायचो आणि व्हरांड्यात खिडकीपाशी रेंगाळायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी इतिहासाचे पुस्तक उघडून मुलांना विचारले, यात बायका कुठे आहेत ते शोधा. मुलांनी शोधल्या. एकशे चाळीस पानांत त्या पाच चौकटींत होत्या, आणि चौकटी परीक्षेला येत नाहीत हे सगळ्यांना पाठ होते.

"मग चौकटीबाहेरच्या बायका त्या काळात काय करत होत्या?" बाईंनी विचारले.

मागून एक वात्रट ओरडला, "चौकट पुसत होत्या, बाई!"

वर्ग फुटला. बाईही हसल्या. मग खडू घेऊन त्यांनी फळ्यावर तेच वाक्य जसेच्या तसे लिहिले आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. आता ही पुसत होती ती काय विचार करत होती, ते कुठे लिहिलंय का बघू या. प्रत्येकानं घरातल्या बाईनं लिहिलेलं काहीतरी आणायचं. पत्र, यादी, वहीचा कोपरा, काहीही."

"शुद्धलेखन चुकलं असलं तर चालेल?"

"आपण गुण द्यायला बसलेलो नाही. आधी वाचू या."

वर्षभरात बारा घरांतून बारा कागद आले. बाई त्या बाराही घरी स्वतः गेल्या. वर्गात वाचू, पण नाव कुठेही येणार नाही, असा शब्द त्यांनी प्रत्येक बाईला दिला. कागद परत कोणाला द्यायचा ते चुकू नये म्हणून मागे एकेक चिठ्ठी टाचली होती, नाव आणि पत्त्याची. वर्गासाठी प्रती करायला गठ्ठा माझ्या हाती देताना त्या म्हणाल्या होत्या, "चिठ्ठ्या फक्त परत देण्यासाठी. टाइप करायच्या नाहीत."

मी मान डोलावली. बोटांनी सवयीने टाइप केल्या.

कलम ४. त्या बारांपैकी सातवा कागद मावशीचा होता. तो मावसबहिणीने नेला होता, ती नववी ब मध्येच आहे. मजकूर इथे पुन्हा देतो. या वेळी तो मावशीला न विचारता देतो आहे, याचीही नोंद असावी, आणि हा दस्त तिला वाचायला मिळाला तर हे कलम ठेवायचे की काढायचे हे तिने ठरवावे.

"मी हे वखारीच्या जुन्या वहीच्या पाठकोऱ्या बाजूला लिहिते आहे, कारण पुढची बाजू कोणीतरी तपासते. लग्नाला दोन वर्षे झाली तेव्हा मी शिक्षिकेच्या नोकरीसाठी अर्ज केला होता. उत्तर आले नाही. मी समजले, आपण नापास झालो. नऊ वर्षांनी म्हातारा टपालवाला रस्त्यात भेटला आणि म्हणाला, ताई, तुमचे ते नेमणुकीचे पाकीट परत गेले तेव्हा मला फार वाईट वाटले होते. त्यानेच सांगितले, पाकिटावर यांच्या अक्षरात लिहिलेले होते, या पत्त्यावर अशी कोणी व्यक्ती राहत नाही. मी घरी आले, चहा टाकला. काही बोलले नाही. मला माहीत आहे हे यांना माहीत नाही. या घरात सगळे सगळ्यांचे आहे. एवढी एकच गोष्ट फक्त माझी आहे."

आणि त्याखाली मी टाइप केले: नाव, वय त्रेचाळीस, धंदा घरकाम, राहणार वखारीमागचे घर.

कलम ५. पुढचे लवकर सांगतो, कारण घड्याळ थांबत नाही.

छापील प्रती मी तास सुरू व्हायच्या पाच मिनिटे आधी स्वतः नेऊन दिल्या. आदल्या दिवशी देता आल्या असत्या. पण मला बाईंच्या हातात द्यायच्या होत्या, आणि त्या उघडून वाचायच्या आत घंटा झाली. मुलगा नावासकट वाचून गेला. बहिणीने मान खाली घातली ती वर केली नाही. बाईंनी एका दमात सगळ्या प्रती परत घेतल्या, मोजल्या, एक कमी भरली. दुपारी लाकूड घ्यायला आलेल्या एका बापाने ती काकांच्या हातात ठेवली. "वहिनी छान लिहितात हो," असे म्हणाला म्हणे.

बाकीच्या अकरा घरांतूनही निरोप आले. तिघींनी लेकींना सांगितले की त्या शाळेत आता काही न्यायचे नाही. एका आजीने उलट विचारले की माझे नाव एवढ्या बारीक अक्षरात का. म्हणजे काही नावे द्यायला हरकत नव्हती. विचारायला हवे होते एवढेच. विचारणे हे काम मला कधी जमलेले नाही.

त्याच संध्याकाळी मी बाईंना शाळेच्या फाटकाशी गाठले. म्हणालो, "चूक माझी आहे."

त्या म्हणाल्या, "तुम्ही टाइप केलंत. तपासून बघायचं काम माझं होतं. माझ्या सहीनं वर्गात गेलेला कागद आहे, जबाबदारी माझी. मी तसं मुख्याध्यापिकांना लिहून दिलंय."

"पण मी जाऊन सांगतो ना."

"तुम्ही यात पडू नका."

जन्मात मी कोणाचे ऐकले नाही, आणि ऐकले ते नेमके हे. त्यांची नेमणूक तात्पुरती आहे. याच महिन्यात कायम व्हायची होती.

घरी काका मावशीला एक शब्द बोलले नाहीत. वखारीत एका ओंडक्यावर बसून खिशातला कागद काढून बघत होते. मी समोरून गेलो तेव्हा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बारा वर्षं. बारा वर्षं ही माझ्यासमोर चहा ठेवत होती आणि हिला माहीत होतं?" मला वाटले होते ते ओरडतील. ते घाबरलेले होते. तोपर्यंत मी काकांना घाबरलेले पाहिले नव्हते.

मग तिसऱ्या दिवशी घाबरणे संपले आणि अर्ज आला. त्यांनी स्वतः मसुदा लिहून मला दिला, "टाइप करून आण." माझे लेखन माझ्या संमतीवाचून नावानिशी प्रसिद्ध केल्याबद्दल सदर शिक्षिकेस दूर करावे, अशी ती मावशीच्या नावे तक्रार होती. मी ती टाइप केली. याच मशीनवर, याच स्टुलावर बसून. तळाशी नाव, वय, राहणार, आणि सहीसाठी ठिपके.

मावशी म्हणाली, "वाचून सही करीन." आणि तो कागद तिने फळीवर डब्याखाली ठेवला. रात्री भांडी आवरताना मला म्हणाली, "हातात हात देऊन म्हणाल्या होत्या त्या बाई, नाव येणार नाही म्हणून. आणि मी विश्वास ठेवला. गाढवच मी."

मी ताट पुसत होतो. तेच ताट दोनदा पुसले.

कलम ६. आता इस्टेट. या कचेरीतले जुने कारकून, ज्यांच्या कॉलरला कायम दोन टाचण्या असतात म्हणून त्यांना सगळे टाचणीबुवा म्हणतात, ते साक्षीसाठी समोर बसले आहेत. ते म्हणाले, "तेविसाव्या वर्षी मृत्युपत्र! चाळीस वर्षांत पहिलंच बघतोय. आहे काय रे तुझ्याकडे? एक सायकल आणि राग?"

बुवा, सायकलपासूनच सुरू करतो.

सायकल मावसबहिणीला. मागचा ब्रेक लागत नाही, पुढचा जोरात लागतो, म्हणून उतारावर जपावे. तिने नऊ दिवसांत माझ्याकडे एकदाही पाहिलेले नाही. माझ्या मशीनवरच टाइप झाले हे तिला माहीत आहे, आणि तिने आईला सांगितलेले नाही. मी स्वतः सांगेन याची ती वाट बघते आहे असे मला वाटते. ते तिचे माझ्यावर उपकार नाहीत, तो शेवटचा इशारा आहे.

पेटीतली पुस्तके नववी ब च्या वर्गातल्या कपाटाला. वर्ग राहिला तर. बँकेत जे काही आहे त्यातून त्या कपाटाला कुलूप घ्यावे, आणि किल्ली मुलांकडे असावी.

चांगला सदरा बुवांना चालला असता, पण बुवा साक्षीदार आहेत आणि ज्याला काही मिळते त्याने साक्ष घालू नये असा नियम आहे. बुवा, माफ करा.

टाइपरायटर, जो कचेरीचा नाही, माझा स्वतःचा आहे, तो मावशीला. ळ जरा पुसट उमटतो, बाकी ठणठणीत आहे. हे मी का देतो ते तिला कळेल. वखारीच्या वहीची मागची बाजू आता पुरे झाली.

कलम ७. इतिहासाच्या बाईंना लाल पेन्सिलीचा तुकडा परत द्यावा. एकदा मसुद्यावर खुणा करताना तो त्या माझ्या टेबलावर विसरून गेल्या आणि मी तो दिला नाही. वर्ष झाले. ही चोरीच आहे, तिची कबुली इथे देतो. त्याखेरीज मी त्यांचे काहीही घेतलेले नाही आणि त्यांनी मला काही दिलेले नाही. त्या मला "तुम्ही" म्हणतात, आणि ते इतके नीट म्हणतात की पुढे काही बोलायला जागाच राहत नाही.

माझ्या मनात त्यांच्याविषयी जे आहे ते मी कोणालाही देत नाही. ते या दस्ताच्या कक्षेबाहेर आहे.

कलम ८. जुने हिशेब.

कॉलेजातल्या त्या प्राध्यापकाला काही नाही. त्याने मागच्या बाकावरच्या मुलींना "लग्नाची वाट बघणाऱ्या बाहुल्या" म्हटले. मुली काही बोलायच्या आत मी उठलो, भांडलो, आणि दार असे आपटले की वरची काच खाली आली. परत गेलो नाही. बरेच दिवस हे मी छाती फुगवून सांगत होतो. मग त्यातली एक मुलगी बाजारात भेटली. म्हणाली, "मी उत्तर देणारच होते. वहीत लिहूनसुद्धा ठेवलं होतं. तू दार आपटलंस आणि सगळे काच गोळा करायला लागले." तिला माझ्याकडून माफी. ती घेईल की नाही माहीत नाही.

काकांना काय द्यावे हे नऊ दिवस ठरत नाही. त्यांनी ते पाकीट परत पाठवले, हे मी विसरणार नाही. त्यांनी आठ वर्षे मला दोन वेळा ताट वाढू दिले, आजारपणात दवाखान्यात रात्रभर बाकावर बसले, हेही विसरता येत नाही. दोन्ही एकाच माणसाने केले. वजाबाकी करून काही उरते का पाहिले, तर मांडणीच जमत नाही. तेव्हा काकांना मी काही देत नाही आणि त्यांच्याकडून काही मागत नाही.

कलम ९. दुरुस्ती. कलम ३ मध्ये "सवयीने" असे लिहिले आहे ते खरे नाही. दस्तात खाडाखोड केली तर बाजूला सही लागते. मी खाडाखोड करत नाही, इथेच खरे लिहितो.

पहिल्या कागदाला नाव पडले ते सवयीने. तेव्हा माझ्या लक्षात आले, आणि मी थांबलो. चिठ्ठ्या टाइप करायच्या नाहीत हे आठवले. पण बाई वर्गात म्हणाल्या होत्या की ज्यांची नावे राहिली नाहीत त्यांचा इतिहासही राहिला नाही. मला वाटले, सगळ्या नावांसकट कागद पाहून त्यांना माझ्याबद्दल काहीतरी वाटेल. म्हणून दुसऱ्याला घातले, तिसऱ्याला घातले, सहाव्यापर्यंत घातले.

सातवा मावशीचा. तो मी दोनदा वाचला. "या पत्त्यावर अशी कोणी व्यक्ती राहत नाही" या ओळीवर थांबलो. आणि मग मी तिचे नाव टाइप केले ते बाईंसाठी नाही, सवयीने तर नाहीच. काकांनी वाचावे म्हणून केले. पत्ता इतक्या जोरात टाइप केला की कागदाच्या मागे उठला. मला काकांचा चेहरा बघायचा होता. "एवढी एकच गोष्ट फक्त माझी आहे" हे वाक्य त्याच कागदावर होते, दोनदा वाचले होते, आणि तरीही माझ्या डोक्यात मावशी एकदाही आली नाही.

हे बैठकीत सांगायचे आहे. "चूक झाली" एवढेच सांगितले तर बाई कदाचित वाचतीलही, पण ते पुन्हा अर्धेच होईल. दुसरा साक्षीदार म्हणून समोरच्या बुकबाइंडरला नऊला बोलावले होते. तो आलेला नाही. पावणेदहा.

कलम १०. हे कलम मी ठरवलेले नव्हते.

बाइंडरची वाट बघत होतो तर दारात मावशी. हातात तो अर्ज, तसाच घडी घातलेला. या कचेरीत ती पहिल्यांदाच आली.

म्हणाली, "यात 'सदर शिक्षिकेने' असं सहा वेळा आहे. खरंच सहा वेळा लागतं का रे?" मग मशीनकडे पाहिले. "काय करतोयस? इतक्या सकाळी कोणाचं मृत्युपत्र?"

बुवा नको तिथे तत्पर. "याचंच. बसा ताई."

मला कागद लपवता आले असते. मी ते तिच्या हातात दिले. ती खिडकीशी उभी राहून वाचत गेली. मी बुवांच्या कॉलरच्या टाचण्या मोजत होतो. दोनच आहेत, पण मी बऱ्याचदा मोजल्या. नवव्या कलमाशी ती बराच वेळ थांबली.

"गाढव मी नव्हते तर," ती शेवटी म्हणाली.

"मावशी, मी..."

"गप्प. माझी एकच गोष्ट होती रे. एक. तीसुद्धा तुला भांडणाला लागली?"

या खेपेला गप्प राहणे बरोबर होते असे वाटते, पण खात्री नाही.

ती स्टुलावर बसली. डोळे पुसले नाहीत, पदराने नाक पुसले. मग म्हणाली, "ते चौथं कलम राहू दे. एकदा चार लोकांत गेलंय, आता काय झाकायचं." जरा वेळाने, "आणि मशीन मला मेल्यावर कशाला देतोस? जिवंतपणी शिकव. सोमवारपासून."

बुवा खाकरले. "ताई, दुसरा साक्षीदार येत नाहीये. दहा वाजत आले."

"मी घालते की साक्ष."

"साक्ष घातली तर मशीन मिळायचं नाही. नियम आहे."

मावशीने थोडा विचार केला. "मग ती ओळ खोडा. मशीन शिकायला मृत्युपत्र कशाला लागतंय?"

म्हणून कलम ६ मधील टाइपरायटरची ओळ खोडली आहे आणि बाजूला माझी सही आहे. यंत्र आजपासून दोघांचे.

मी विचारले, "आणि तो अर्ज?"

"अर्जावर सही नाही करणार. शाळेत येणार आहे." मी काही म्हणायच्या आत तिने बोट उगारले. "तू काय केलंस ते तू सांगायचं. सगळं, हे नववं कलम धरून. मला काय वाटलं ते मी सांगेन. बाईंनी शब्द मोडला नाही हेही मी सांगेन, आणि विचारल्याशिवाय कोणाच्या घरातलं काही छापायचं नाही हेही मीच सांगेन. माझ्या वतीनं एक अक्षर बोललास तर करवतीपर्यंत जायची वाट बघणार नाही. इथंच बघून घेईन."

"काका असतील तिथे."

"असू देत. चहा नाही ठेवायचा मला तिथं."

हे ती म्हणाली, पण पेनाचे टोपण तिने दोनदा काढले आणि दोनदा परत लावले. समिती काय ठरवेल ते आम्हाला माहीत नाही. बाई राहतील का, मंगळवारचा तास राहील का, संध्याकाळी आम्ही दोघे कोणत्या घरात असू, यातले काहीही या कागदावर लिहिता येत नाही.

वरील मजकूर मी वाचला, दोन्ही साक्षीदारांनी वाचला, आणि तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिले: (सही) वय त्रेसष्ट, धंदा कारकुनी. "सदऱ्यावर हक्क सोडला" असे स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे.

साक्षीदार दुसरी: (सही) नाव, वय आणि पत्ता मी टाइप केलेला नाही. जागा कोरी ठेवली होती. तिने पेनाने पूर्ण नाव लिहिले, धंद्यापुढे रेघ ओढली, आणि पत्त्याच्या जागी लिहिले: वखारीमागचे घर. या पत्त्यावर ही व्यक्ती राहते.

ठिकाण: वकीलसाहेबांची कचेरी, जिन्याखालची खोली.
दिवस व वेळ: गुरुवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे.

ता. क. बुवा कागद कपाटात ठेवायला थांबले आहेत, म्हणून एवढी ओळ. मावशी जिन्याशी उभी राहून पायाने जमीन ठोकते आहे. लाल पेन्सिल खिशात घेतली, ती मेल्यावर नको, आजच देतो. मशीनवर कापड टाकतो, उठतो, बाहेर पडतो आणि दार हाताने धरून, कडी अडकेपर्यंत हळूच ओढून घेतो.